वाचक विचारतात: रंग, लेझर आणि ‘काय थ्री’

गेल्या अंकात मी रंगद्रव्यं आणि लेझरवर दोन पानं लिहिली होती, त्यात ‘नॉनलिनिअर’ हा शब्द मी सहज टाकून पुढे गेले आणि नेमक्या त्याच शब्दावर सगळ्यात जास्त पत्रं आली. चूक माझीच. तर आधी एवढंच सांगते की किराणा दुकानात एक किलो साखरेला जेवढे पैसे, दोन किलोला त्याच्या दुप्पट, हा झाला लिनिअर हिशोब, आणि रोजच्या जगात प्रकाश असाच वागतो, दुप्पट टाकला की दुप्पट शोषला जातो, दुप्पट पलीकडे जातो, रंग आहे तोच राहतो. नॉनलिनिअर म्हणजे हा हिशोब बिघडतो. दुप्पट टाकला तर चौपट काम होतं, नाहीतर लाल आत जातो आणि निळा-जांभळा बाहेर येतो, नाहीतर प्रकाश स्वतःच आपल्या वाटेत भिंग तयार करतो. आता पत्रं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. दोन काचपट्ट्यांमधे सोया सॉसचा थेंब दाबून त्यावर भिंगातून हिरवा लेझर पॉइंटर मारला तर भिंतीवरचा ठिपका हळूच पसरला आणि त्यात गोल गोल कडी दिसायला लागली. मुलं खूश, पण मला सांगता येईना. हळदीच्या पाण्यात केलं तर काहीच नाही. (चिपळूण)

बाई, प्रयोग छान केलात, मी वाचून लगेच घरी करून बघितला, चायनीजच्या पार्सलबरोबर आलेली पुडी होतीच.

तुमच्या पत्रात ‘हळूच’ हा शब्द आहे ना, सगळं उत्तर त्यात आहे. सॉसमधले तपकिरी रंग हिरवा प्रकाश गिळतात आणि त्याची उष्णता करतात. बीमच्या मध्यावर प्रकाश जास्त म्हणून तिथे जास्त तापतं, कडेला कमी. द्रव तापला की त्याचा अपवर्तनांक कमी होतो, म्हणजे मधे कमी आणि कडेला जास्त, झालं अंतर्गोल भिंग तयार, तेही लेझरने स्वतःच स्वतःसाठी केलेलं. त्या भिंगातून बीम पसरतो, त्याचे मधले आणि कडेचे भाग एकमेकांवर येतात, कुठे भर पडते कुठे वजाबाकी होते, ती तुमची कडी. याला थर्मल लेन्स म्हणतात, बेल लॅब्जच्या लोकांनी १९६५ साली यावर लिहिलंय, त्यांनी लेझरच्या आतच द्रवाचे नमुने ठेवले होते आणि लेझर स्थिर व्हायला विचित्र वेळ घ्यायला लागला, त्याचं कारण शोधताना हे सापडलं.

हळदीचं सोपंय. एकतर हळद पाण्यात विरघळतच नाही, ती नुसती तरंगते, सॅनिटायझरच्या अल्कोहोलमधे गाळून घेतलीत तर करक्यूमिन उतरेल. पण मुख्य म्हणजे करक्यूमिन शोषतं ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश, तुमचा पॉइंटर ५३२ चा हिरवा, तो हळदीच्या अर्कातून आरपार जातो. रंग दिसतो म्हणजे प्रत्येक प्रकाश शोषला जातो असं नसतं. आणि एक, मुलांना भिंतीकडे बघायला लावा, काचपट्टीकडे नको, काचेवरून उडालेला बीम थेट डोळ्यात जातो.

प्रोसेस हाऊसमधे २२ वर्षं झाली, पॉलिस्टरला डिस्पर्स डाय चढवण्यात आयुष्य गेलं. मुलगी फिजिक्स करते, तिच्या पेपरात ‘डिस्पर्स रेड १’ हे नाव बघून चाट पडलो. कापडाच्या रंगाचं लेझरमधे काय काम? (इचलकरंजी)

दादा, तुमच्याच धंद्यातलं आहे ते, फक्त दुसऱ्या कामाला लावलंय. त्या रेणूचा आकार डोळ्यासमोर आणा, एका टोकाला अमाइन, ते इलेक्ट्रॉन द्यायला तयार, दुसऱ्या टोकाला नायट्रो, ते घ्यायला टपलेलं, आणि मधे दोन बेंझीनच्या कड्या अॅझो बंधाने जोडलेल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनला पळायला सरळ रस्ता. एक ढकलतो, एक ओढतो, लॅबमधे याला पुश-पुल रेणू म्हणतात. याच ओढाताणीमुळे तो लाल दिसतो आणि याच ओढाताणीमुळे तो नॉनलिनिअर होतो.

कसं ते बघा. प्रकाशाचं विद्युत क्षेत्र क्षणाक्षणाला दिशा बदलतं, इकडे-तिकडे, इकडे-तिकडे. इलेक्ट्रॉन नायट्रोच्या बाजूला उतारावर सोडलेल्या हातगाडीसारखा धावतो आणि परत येताना चढावर ढकलल्यासारखा येतो. जाणं जास्त, येणं कमी, म्हणजे हेलकावा लंगडा झाला, आणि लंगड्या हेलकाव्यात मूळ कंपनाबरोबर दुप्पट कंपनही मिसळलेलं असतं. दुप्पट कंपनसंख्या म्हणजे निम्मी तरंगलांबी, १०६४ नॅनोमीटरचं न दिसणारं इन्फ्रारेड आत आणि ५३२ चा हिरवा बाहेर.

इथपर्यंत ऐकायला सोपं आहे, गंमत पुढे. एकटा रेणू लंगडा असून भागत नाही, सगळे एकाच बाजूला तोंड करून बसायला हवेत, आणि हे रेणू लोकलच्या सीटवर बसल्यासारखे समोरासमोर बसतात, कारण एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाजवळ आलं की दोघांनाही बरं वाटतं. मग एकाचा लंगडेपणा दुसरा खोडून काढतो आणि बेरीज शून्य. पॅरा-नायट्रोअॅनिलीन याचं ठळक उदाहरण, रेणू म्हणून एकदम तगडा, पण स्फटिक केला की दुप्पट कंपनाचा प्रकाश शून्य. आणि त्याच रेणूला शेजारी एक मिथाईल चिकटवला, बाकी काही नाही, की तो एमएनए, म्हणजे मिथाईल-नायट्रोअॅनिलीन, होतो, स्फटिकातली बसण्याची रीत बदलते, समोरासमोरपणा मोडतो आणि तो या विषयातला नामांकित स्फटिक ठरतो. एका मिथाईलने नशीब पालटलं. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सगळ्यात आवडते, खरं सांगायचं तर गणितापेक्षा जास्त.

डिस्पर्स रेडच्या बाबतीत दुसरी युक्ती करतात. तो प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममधे मिसळतात, फिल्म मऊ होईपर्यंत तापवतात, वरून जबरदस्त व्होल्टेज देतात म्हणजे रेणू एका दिशेला वळतात, आणि व्होल्टेज चालू ठेवूनच थंड करतात. तुमचं पॉलिस्टरचं हीट सेटिंग आठवलं ना? तत्त्व लांबचं नाही. अडचण अशी की काही महिन्यांत रेणू हळूहळू पुन्हा ऐसपैस होतात आणि परिणाम उतरतो. यातून फायबर इंटरनेटसाठी लागणारे, प्रकाशावर संदेश चढवणारे वेगवान मॉड्युलेटर करायचा प्रयत्न कित्येक वर्षं चालू आहे, काही चांगले झालेतही, पण माझ्या मते अजून तरी लिथियम नायोबेटच्या स्फटिकाचाच वट आहे.

मुलीला सांगा, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीच्या (आयसीटी, म्हणजे जुनी यूडीसीटी) डाईस्टफ विभागातून अशा रंगांवर बरेच पेपर आलेत. आणि तुमच्या गोडाऊनमधला डबा मात्र तिला देऊ नका, बाजारातल्या डिस्पर्स डायमधे डिस्पर्सिंग एजंट भरपूर असतो, शुद्ध रंग वेगळा घ्यावा लागतो.

ताई, मी एमएस्सी फिजिक्सला आहे. क्रिस्टल व्हायोलेट इथेनॉलमधे घेऊन ५३२ च्या ५० मिलीवॉट कंटिन्युअस लेझरवर झेड-स्कॅन केलं. एन-टू उणे १०च्या उणे ८व्या घाताच्या घरात आला, काय-थ्री पण प्रचंड आला. गाईड म्हणतात ‘जायंट नॉनलिनिअॅरिटी’ म्हणून पेपर टाकू. टाकू का? (कराड)

आधी बाकीच्या वाचकांसाठी. झेड-स्कॅन म्हणजे लेझर भिंगाने एका बिंदूवर आणायचा, रंगाची क्युव्हेट, म्हणजे सपाट बाजूंची काचेची छोटी कुपी, त्या बिंदूच्या अलीकडून पलीकडे सरकवत न्यायची आणि पुढे बारीक भोकातून किती प्रकाश आला ते मोजत जायचं. १९८९ साली अमेरिकेत निघालेली पद्धत, इतकी स्वस्त आणि सोपी की एक लेझर, एक भिंग आणि एक डिटेक्टर असलेलं कुठलंही कॉलेज ती करू शकतं. यातून निघतो तो एन-टू, म्हणजे प्रकाश वाढला की अपवर्तनांक किती बदलतो त्याचा आकडा, आणि त्यावरून पदार्थ किती नॉनलिनिअर आहे ते सांगणारा जो ग्रीक अक्षराचा आकडा काढतात त्याला आम्ही ‘काय-थ्री’ म्हणतो, मराठीत तो आकडा कमी आणि प्रश्न जास्त वाटतो, आणि तुझ्या बाबतीत तर तो प्रश्नच आहे.

बाळा, तू मोजलंस ते चिपळूणच्या बाईंचा सोया सॉस आहे.

रागावू नकोस, मी पण हेच केलंय. माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमधे असाच भला मोठा आकडा आला होता, आठ दिवस हवेत होते, ग्राफ रंगीत छापून घेतले. एक गोष्ट खटकत होती की लॅबचा एसी बंद पडला की आकडा बदलायचा, पण मी ती वहीत लिहिलीच नाही. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं आणि दोनच शब्द विचारले, “किती वेळात?” मला प्रश्नच कळला नाही. आता कळतो, म्हणून तुला आधीच विचारते.

इलेक्ट्रॉनच्या हालचालीने होणारा परिणाम फेमटोसेकंदात होतो, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाच्या हिशोबात. उष्णतेला बीमच्या रुंदीएवढं पसरायला, समज ५० मायक्रॉनचा बीम आणि इथेनॉल, तर साधारण ७ मिलीसेकंद लागतात. दोन्हीत फरक किती ते तूच काढ. तुझा लेझर सतत चालू आहे, तो उष्णतेला हवा तेवढा वेळ देतोय. आणि रंग कुठला निवडलास तर क्रिस्टल व्हायोलेट, तेच ते जांभळं औषध, जे लहानपणी तोंड आलं की लावायचे, ते चमकतच नाही म्हटलं तरी चालेल, घेतलेली जवळपास सगळी ऊर्जा उष्णतेत घालवतं. रोडामाइन ६जी घेतला असतास तर निदान बराचसा प्रकाश पुन्हा प्रकाश म्हणून बाहेर गेला असता.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. चॉपर, म्हणजे बीम अडवत-सोडत राहणारी फिरती चकती, लावून डिटेक्टरचा सिग्नल ऑसिलोस्कोपवर घे, प्रकाश लागल्यावर सिग्नल मिलीसेकंदांत हळूहळू सरकताना दिसेल. मग तोच रंग, तेवढंच शोषण, पण पाण्यात घे. इथेनॉलचा अपवर्तनांक तापमानाच्या एका अंशाला साधारण ०.०००४ ने उतरतो, पाण्याचा ०.०००१ च्या आसपास, वर पाणी उष्णता तिपटीहून जास्त वेगाने वाहून नेतं, म्हणजे तुझा ‘जायंट’ आकडा पाण्यात दहा-पंधरा पटीने खाली यायला पाहिजे. रंगाचा रेणू तोच, इलेक्ट्रॉन तेच, मग आकडा का पडला? आणि तिसरी गोष्ट तर नुसत्या डोळ्याने दिसते. पडद्यावरची कडी पूर्ण गोल आहेत का वरून चेपलीत? आडव्या बीममधे गरम द्रव वर चढतो आणि वरचा अर्धा भाग दाबला जातो. आरसा लावून बीम उभा कर, कडी गोल होतात. इलेक्ट्रॉनला वर-खाली कळत नाही, गरम अल्कोहोलला कळतं.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून, या विषयात सगळे जण मोजमाप म्हणून कार्बन डायसल्फाइड वापरतात, पिकोसेकंद (हजार फेमटोसेकंद) पल्सवर त्याचा एन-टू साधारण ३ गुणिले १०चा उणे १४वा घात येतो, त्याच एककात. तुझा रंग त्याच्या काही लाख पट? वहीत असं काही आलं की आनंद व्हायच्या आधी घाम फुटला पाहिजे.

पेपर टाक की, पण शीर्षक बदल. ‘थर्मो-ऑप्टिक’, म्हणजे उष्णतेमुळे होणारा परिणाम, असं लिही, बीमची रुंदी, सॉल्व्हंट, किती वेळाने मोजलं ते सगळं लिही. तुझ्या ग्राफमधे आधी शिखर मग दरी आहे म्हणजे चिन्ह उणे आहे, ते थर्मल लेन्सशी जुळतं, तेही लिही. यात कमीपणा काही नाही, थर्मल लेन्स वापरून इतकं सूक्ष्म शोषण मोजतात की साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला ते दिसतच नाही. गाईडना कसं सांगायचं हा प्रश्न मात्र फिजिक्सचा नाही, पाण्याचा ग्राफ काढून गुपचूप टेबलावर ठेव, बोलावं लागणार नाही. असे ‘जायंट’ पेपर ढिगाने छापून आलेत आणि येतात, म्हणून तर हे उत्तर एवढं लांबलं.

म्हातारीच्या केसांत रोडामाइन बी सापडतं म्हणून बंदीच्या बातम्या आल्या होत्या. आणि तुम्ही लिहिलंत की हाच रंग मेंदूच्या पेशी बघायला उपयोगी. विषारी की उपयोगी, काय ते एकदा सांगा. (नाशिक)

दोन्ही. खाण्यासाठी त्याला आपल्याकडे परवानगी नाही, तो कापडाचा-कागदाचा रंग आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूने त्यावरून म्हातारीच्या केसांवर बंदी घातली. भडक गुलाबी दिसलं की पोराला दुसरीकडे वळवा, विषय संपला.

उपयोग वेगळा. मारिया गोपर्ट-मायर नावाच्या बाईंनी जर्मनीत गॉटिंगेनला पीएचडी करताना कागदावर गणित मांडलं, ते १९३१ साली छापून आलं, की एखादा रेणू एका वेळी दोन फोटॉन मिळूनही गिळू शकतो, प्रत्येकाची ऊर्जा निम्मी असली तरी. बँकेच्या लॉकरसारखं, तुमची किल्ली आणि बँकेची किल्ली दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही, फरक इतकाच की इथे दुसऱ्या किल्लीची वाट बघत थांबायला जागाच नाही, दोन्ही फोटॉन एकाच क्षणी पोचले पाहिजेत. म्हणून हे भयंकर दुर्मिळ. रोडामाइन बी चा एक रेणू कडक उन्हात ठेवला तर तो साध्या पद्धतीने सेकंदाला साधारण एक फोटॉन गिळतो, आणि जोडीने गिळायची वेळ साधारण १ कोटी वर्षांतून एकदा येते. गोपर्ट-मायरबाईंना हे प्रत्यक्ष बघायला लेझर येईपर्यंत ३० वर्षं थांबावं लागलं. पुढे नोबेल मिळालं ते १९६३ ला, अणुकेंद्रकाच्या कामासाठी, पण या जोडशोषणाचं एकक आजही त्यांच्या नावाने आहे, जीएम. रोडामाइन बी चं साधारण २०० जीएम भरतं, ८४० नॅनोमीटरला.

आता दुर्मिळ गोष्ट कामाची कशी? प्रकाश दुप्पट केला की जोडशोषण चौपट होतं, म्हणून जिथे गर्दी तिथेच ते घडतं. भिंगाने बीम एकवटला की फक्त त्या टोकावर, एका ठिपक्यात रंग चमकतो. रोडामाइनच्या क्युव्हेटमधे हे बघितलंय मी, साध्या हिरव्या लेझरने अख्खी रेघ केशरी पेटते, आणि इन्फ्रारेडच्या फेमटोसेकंद लेझरने मधोमध अधांतरी मोहरीएवढा सुद्धा नाही असा एक कण, वर काही नाही खाली काही नाही. तो कण हलवत हलवत पेशीचं चित्र काढायचं, हा टू-फोटॉन मायक्रोस्कोप, १९९० साली कॉर्नेल विद्यापीठात झाला. उंदराचा जिवंत मेंदू न कापता आतपर्यंत बघता येतो कारण इन्फ्रारेड ऊतींमधे कमी विखुरतं. आणि लेझर सरासरीने फक्त १ वॉट असतो, पण तो सेकंदाला ८ कोटी इवल्या झटक्यांत येतो, १०० फेमटोसेकंदाचा एकेक, त्या झटक्यापुरता तो सव्वा लाख वॉट होतो. ऊन बिचारं सतत मिळमिळीत असतं, तिथेच फरक पडतो.

हे सगळं इतकं उशिरा का सुरू झालं? रंग तर शेकडो वर्षांपासून आहेत. (पुणे)

लेझर १९६० साली आला म्हणून. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात फ्रँकन आणि मंडळींनी क्वार्ट्झमधे ६९४ नॅनोमीटरचा लाल लेझर सोडला आणि फोटोच्या प्लेटवर ३४७ चा एक फिकट ठिपका मिळवला. पेपर छापून आला तेव्हा त्यात बाण होता पण ठिपका नव्हता, छपाईत कुणीतरी धुळीचा डाग समजून पुसून टाकला होता. नव्या विषयाचा पहिला पुरावा, आणि बाण कशाकडे तर रिकाम्या जागेकडे!

गणपतीच्या मिरवणुकीत लेझर बीमने पोरांच्या डोळ्यांना इजा झाल्याचं दरवर्षी वाचतो. तीव्र प्रकाश आला की आपोआप काळे होणारे रंग आहेत असं तुम्ही लिहिलंत. मग त्यांचे गॉगल का नाही करत? (कोल्हापूर)

हे पत्र वाचून मी दोन दिवस विचार करत होते कारण कल्पना खरंच चांगली आहे. रंग आहेत. थॅलोसायनिन नावाचं निळं-हिरवं कुळ, पेंटमधे आणि छपाईच्या शाईत सर्रास वापरतात. त्यातले काही, शिसं किंवा इंडियम मधे बसवलेले, असे वागतात की साध्या प्रकाशात बऱ्यापैकी पारदर्शक, पण लेझरचा पल्स आला की त्यांचे रेणू उत्तेजित होतात आणि उत्तेजित रेणू साध्यापेक्षा जास्त शोषतो. जितका मारा जास्त तितका दरवाजा बंद.

पण गॉगल होत नाही, आणि कारण तुमच्या डोळ्यातच आहे. डोळ्याचं भिंग समोरून आलेला बीम आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, इतक्या बारीक ठिपक्यात आणतं की तिथली तीव्रता बाहेरच्या साधारण लाखपट होते. गॉगल बाहेर आहे. रेटिना जळतोय तेव्हाही गॉगलच्या काचेवर प्रकाश लाखपट पातळ असतो, रंगाला कळतच नाही की काही घडतंय, तो झोपलेलाच राहतो. म्हणून असे रंग दुर्बिणीत किंवा कॅमेऱ्यात मधल्या फोकसच्या जागी बसवतात, नाकावर नाही. लॅबचे साधे गॉगल ठराविक रंग अडवतात, मिरवणुकीत लाल, हिरवा, निळा तिन्ही असतात, तिन्ही अडवणारा गॉगल घातला तर समोरचा गणपतीही दिसायचा नाही. पोराला पाठमोरं करा, खांद्यावर घेऊ नका कारण बीम डोक्यांच्या वरूनच फिरवतात, आणि मोबाईलने बीमचं शूटिंग नको, कॅमेऱ्याचा सेन्सर जातो.

स्वस्तातल्या हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा प्रकाश पण येतो म्हणतात, खरं का? (सोलापूर)

खरं आहे. आत ८०८ नॅनोमीटरचा डायोड असतो, तो एका स्फटिकाकडून १०६४ काढून घेतो, आणि केटीपी नावाचा दुसरा स्फटिक त्याचं ५३२ करतो. शेवटी इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर लागतो, स्वस्तात तोच वाचवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१० साली तपासलेल्या एका १० मिलीवॉटच्या पॉइंटरमधून हिरवा जेमतेम आणि इन्फ्रारेड जवळपास २० मिलीवॉट निघत होता.

घरी बघायचं तर जुनी सीडी घ्या, तिच्यावर पॉइंटर मारून परावर्तित ठिपके कागदावर पाडा आणि कागद फोनच्या कॅमेऱ्यातून बघा, डोळ्याला दिसतात त्यापेक्षा एखादा ठिपका जास्त दिसला तर तो इन्फ्रारेड. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला फिल्टर असतो, तेव्हा पुढचा वापरा, आणि त्याला इन्फ्रारेड दिसतं का ते आधी टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून बघून घ्या.